यंत्राच्या स्मृतीची उलटतपासणी

मनुष्याची स्मृति दगा देऊं लागली म्हणजे बहुधा त्याचें त्यालाच कळतें. नांव ओठांवर येऊन अडतें, तारीख आठवत नाहीं, आणि तो प्रांजळपणें तसें सांगून मोकळा होतो. यंत्राचें तसें नाहीं. घरांतील लॅपटॉपच्या स्मृतींत बिघाड झाला, तर तो अडखळत नाहीं कीं संकोचत नाहीं. चुकीची गोष्टही तो खऱ्या गोष्टीइतक्याच निःशंकपणें सांगतो. म्हणूनच यंत्राच्या स्मृतीची परीक्षा घेण्याचीं साधनें निर्माण झालीं. परंतु परीक्षा घेणें सोपें आणि निकालाचा अर्थ लावणें अवघड, हा सर्वत्र येणारा अनुभव येथेंही येतो.

एका कुटुंबाचें चित्र कल्पनेनें डोळ्यांपुढें आणावें. बिऱ्हाड पुण्यांतील सदाशिव पेठेंत. वडील न्यायालयांतून शिरस्तेदार म्हणून निवृत्त झालेले, मुलगी पीएच्.डी.चा प्रबंध पुरा करण्याच्या गडबडींत. घरांत सहा वर्षांचा एक लॅपटॉप आहे. त्यांत ८ जीबी रॅमची एक पट्टी आहे आणि शेजारची खांच रिकामी आहे. यंत्र मंद चालूं लागलें, म्हणून मुलीनें तेवढ्याच क्षमतेची दुसरी पट्टी आणून रिकाम्या खांचेंत बसविली. तीन दिवस लॅपटॉप वाऱ्यासारखा धांवला. चौथ्या दिवशीं मात्र प्रबंधाचें एक प्रकरण उघडेना. यंत्र बंद करून पुन्हां चालू केलें तेव्हां उघडलें. त्याच दुपारीं आजीच्या वेळचीं छायाचित्रें एका डिस्कवरून दुसरीवर उतरून घेतलीं, तों त्यांतील दोन चित्रांचा खालचा भाग जांभळ्या रंगानें भरून गेलेला. रात्रीं स्मृतीची चाचणी लावून मंडळी निजलीं. सकाळीं पडद्यावर तांबड्या ओळी उमटल्या होत्या, आणि चुकांची संख्या होती ३७.

मुलीनें तात्काळ निर्णय दिला, "बाबा, नवी पट्टी खराब निघाली. दुकानदार सात दिवसांच्या आंत परत घेतो. आजच देऊन येतें."

वडिलांनीं चष्मा पुसला व विचारलें, "जुन्या पट्टीची जबानी घेतलीस का?"

या एका प्रश्नांत प्रस्तुत विषयाचें सर्व मर्म आलें आहे. नवी पट्टी बसविली आणि चुका दिसल्या, म्हणून चुका नव्या पट्टीच्याच, हा तर्क कावळा बसायला आणि फांदी मोडायला एकच गांठ पडावी तशांतला आहे. सहा वर्षांत जुन्या पट्टीची चाचणी एकदांही झालेली नव्हती. ती निर्दोष होती असें सर्वांनीं गृहीत धरलें होतें, एवढेंच.

चुकांचा अर्थ कळण्यासाठीं ही स्मृति कशी चालते तें प्रथम पाहिलें पाहिजे. संगणकांत आज सर्वत्र वापरली जाणारी ही स्मृति आयबीएम कंपनीतील रॉबर्ट डेनार्ड यांनीं १९६६ सालीं योजिली व १९६८ सालीं तिचें पेटंट मिळविलें. तिचें तत्त्व एका वाक्यांत सांगतां येण्याजोगें आहे. प्रत्येक बिटासाठीं एक अतिसूक्ष्म कोठा असतो. त्यांत विजेचा भार असला तर एक आणि नसला तर शून्य, असें समजावयाचें. परंतु हा कोठा पाझरणाऱ्या रांजणासारखा आहे. भरलेला भार आपोआप गळत जातो, म्हणून यंत्राला तो पुनःपुन्हां वाचून पुन्हां भरावा लागतो. डीडीआर-४ जातीच्या स्मृतींत हें काम सामान्यतः ६४ मिलिसेकंदांच्या आंत, म्हणजे एका सेकंदांत पंधराहून अधिक वेळां, प्रत्येक कोठ्याच्या बाबतींत उरकलें जातें. उष्णता वाढली कीं गळती वाढते. म्हणून ८५ अंश सेल्सियसच्या वर हेंच काम दुप्पट वेळां करावें लागतें. आणि अशा कोठ्यांची संख्या तरी किती? ८ जीबीच्या एका पट्टींत सुमारें ६,८७२ कोटी कोठे असतात. त्यांतील एखादा अशक्त निघावा यांत नवल नाहीं. बहुतेक पट्ट्या वर्षानुवर्षें निर्दोष चालतात हेंच खरें नवल होय.

चाचणीची पद्धति शाळेंतील पाठांतरासारखी आहे. चाचणी घेणारा प्रोग्रॅम स्मृतींत ठराविक अंक लिहितो आणि मग तेच अंक परत म्हणवून घेतो. असा 'मेमटेस्ट८६' हा प्रसिद्ध प्रोग्रॅम क्रिस ब्रॅडी यांनीं १९९४ सालीं प्रथम लिहिला. तो पेन ड्राइव्हवरून, विंडोज सुरू होण्यापूर्वीं चालवितात. कारण विंडोज स्वतःच स्मृतींत ठाण मांडून बसलें म्हणजे तेवढी जागा तपासतां येत नाहीं. कधीं सर्व कोठ्यांत शून्य, कधीं सर्वत्र एक, कधीं एकाआड एक, कधीं यदृच्छेनें निवडलेले अंक, असे नाना पाठ दिले जातात. याचें कारण कोठ्यांचे आजार निरनिराळे असतात. एखादा कोठा कायमचाच रिकामा राहतो. एखादा शेजाऱ्याच्या हालचालीनें बिथरतो. एखाद्याला ताजा पाठ आठवतो, पण कांहीं मिनिटें थांबून विचारल्यास तो विसरलेला असतो. एका पाठांत उत्तीर्ण झालेली पट्टी दुसऱ्यांत नापास होते ती त्यामुळेंच. या परीक्षेंत पस्तीस टक्क्यांना उत्तीर्ण करण्याची सोय नाहीं. कोट्यवधि उत्तरांपैकीं एक जरी चुकलें तरी यंत्र विश्वासपात्र नाहीं असेंच म्हटलें पाहिजे.

मात्र यंत्र विश्वासपात्र नाहीं, इतकेंच त्या तांबड्या ओळी सांगतात. गुन्हा झाला एवढें त्यांनीं सिद्ध होतें. गुन्हेगार कोण तें त्या आपण होऊन सांगत नाहींत. पट्टी, खांच, स्मृतीचा कारभार पाहणारा प्रोसेसरमधील भाग, वीजपुरवठा, उष्णता, किंवा दोन पट्ट्यांचें एकमेकींशीं न जुळणें, यांपैकीं कशाचाही हात त्यांत असूं शकतो. म्हणून ओळी मोजण्यापेक्षां त्या वाचणें महत्त्वाचें आहे.

प्रत्येक ओळींत मुख्यतः तीन गोष्टी असतात: पत्ता, अपेक्षित अंक आणि प्रत्यक्ष मिळालेला अंक. शिरस्तेदारांच्या घरीं पहिल्या ओळींत अपेक्षित अंक ००००००००, तर मिळालेला अंक ००००४००० असा होता. हे अंक सोळाच्या पायावरील मोजणीचे असतात. त्यांतील प्रत्येक आंकड्यांत चार बिट सामावतात. येथें बत्तीस बिटांपैकीं फक्त एक बिट शून्याचा एक झाला आहे, बाकीचे एकतीस जागच्या जागीं आहेत. मुलीनें पुढील ओळी वाचून दाखविल्या, तेव्हां प्रत्येक ओळींत तोच ४ त्याच स्थानीं सांपडला, आणि पत्तेही एकमेकांच्या जवळपासचे निघाले.

हा तपशील बोलका आहे. एकच पत्ता व एकच बिट प्रत्येक फेरींत चुकत असेल, तर तो एखादा कोठा निकामी झाला असें समजण्यास हरकत नाहीं. बिट एकच, पण पत्ते जवळपासचे आणि अनेक असतील, तर पट्टीवरील एखाद्या चिपचा एक भाग दुबळा झालेला असण्याचा संभव अधिक. बिट एकच परंतु पत्ते साऱ्या स्मृतीभर विखुरलेले असतील, तर त्या बिटाची ने-आण करणाऱ्या वाटेविषयीं संशय धरावा. पट्टी नीट न बसल्यामुळें किंवा तिच्या सोनेरी कडेवर मळ असल्यामुळेंही असें घडतें. परंतु पत्तेही निराळे, बिटही निराळे, आणि प्रत्येक वेळीं यादीही निराळी, असें दिसलें, तर एखाद्या कोठ्याला दोष देण्यांत अर्थ नाहीं. तेथें वेग, विजेचा दाब, उष्णता किंवा पट्ट्यांची जोडी यांकडे वळलें पाहिजे. चुका पहिल्या फेरींत मुळींच न दिसतां यंत्र तापल्यानंतरच दिसूं लागल्या, तर उष्णतेचा धागा धरावा आणि पंख्यांत साचलेली धूळ आधीं काढावी.

एका विशेष पाठाचा निकाल स्वतंत्रपणें वाचावा लागतो. एकाच ओळींतील कोठे पुनःपुन्हां उघडले असतां शेजारच्या ओळींतील बिट उलटतात, हें कार्नेगी मेलन विद्यापीठांतील संशोधकांनीं इतरांच्या सहकार्यानें २०१४ सालीं सविस्तर दाखवून दिलें. त्यांनीं तपासलेल्या १२९ पट्ट्यांपैकीं ११० पट्ट्यांत हा दोष आढळला. चाचणीच्या प्रोग्रॅममध्यें याचाही एक पाठ असतो. इतर सर्व पाठ निर्दोष होऊन केवळ याच पाठांत चूक निघाली, तर ती घरगुती वापरांत सहसा अनुभवास न येणाऱ्या कठोर परिस्थितींतील चूक समजावी. तिची नोंद ठेवावी, पण घाबरून जाऊं नये. अन्य कोणत्याही पाठांतील चुकीला ही सवलत देतां येत नाहीं.

येथवर वाचन झालें तरी शिरस्तेदारांचा प्रश्न शिल्लकच राहतो. चूक कोणत्या पट्टीची? पुष्कळांची समजूत अशी कीं, पत्ता लहान असेल तर पहिली पट्टी, मोठा असेल तर दुसरी. ही समजूत फसवी आहे. दोन सारख्या पट्ट्या बसविल्या म्हणजे यंत्र वेग वाढविण्यासाठीं मजकूर दोहोंत आळीपाळीनें वांटून ठेवतें. थोडा हिच्यांत, थोडा तिच्यांत. दोन वह्यांत एकाआड एक ओळ लिहावी तसा हा प्रकार आहे. त्यामुळें पत्त्यावरून पट्टी ओळखणें सामान्य मनुष्याच्या आटोक्यांतील नव्हे. त्याला उपाय एकच, आणि तो न्यायालयांतलाच आहे: साक्षीदारांना एकमेकांसमोर उभें न करतां प्रत्येकाची जबानी वेगळी घ्यावयाची.

मुलीनें तसेंच केलें. चार्जर काढला, यंत्र पूर्ण बंद केलें, खालचें झांकण उघडून बॅटरीची जोडणी सोडविली, अंगावरील स्थिर विजेची बाधा होऊं नये म्हणून धातूला हात लावून घेतला, आणि पट्टी कडेला धरून बाहेर काढली. तिरपी घालून खालीं दाबतांना दोन्ही बाजूंचे चाप खट् असा आवाज करीपर्यंत दाबावयाचें, हें तिला आतां पाठ झालें होतें. पहिल्या खांचेंत एकटी नवी पट्टी ठेवून चार फेऱ्या झाल्या. एकही चूक नाहीं. दुसऱ्या रात्रीं त्याच खांचेंत एकटी जुनी पट्टी ठेविली. तासाभरांत तांबडी ओळ, आणि तिच्यांत तोच ४ त्याच स्थानीं. तरीही वडील म्हणाले, "खांच बदलून पाहा." तिसऱ्या रात्रीं जुनी पट्टी दुसऱ्या खांचेंत घातली, आणि चूक तिच्याबरोबर तेथेंही गेली. नवी पट्टी मात्र त्या खांचेंतही निर्दोष ठरली. दोष पट्टीच्या मागोमाग फिरला तर पट्टी दोषी. दोष खांचेपाशींच राहिला तर खांच किंवा तिच्यामागील यंत्रणा दोषी. येथें संशयाला जागाच उरली नाहीं. ज्या पट्टीला परत पाठविण्याची तयारी झाली होती ती निरपराध होती. गुन्हा सहा वर्षांच्या विश्वासू जुन्या पट्टीचा होता.

मग तो दोष आतांच कसा उघडकीस आला? मुलीला आठवलें कीं, गेल्या वर्षभरांत लॅपटॉप अधूनमधून गोठत असे, आणि यंत्र जुनें झालें म्हणून सर्वांनीं तिकडे दुर्लक्ष केलें होतें. पूर्वीं दुबळ्या कोठ्यांवर जो मजकूर पडत असे तो कदाचित् एखाद्या प्रोग्रॅमचा असेल. नवी पट्टी येतांच साऱ्या पत्त्यांची वांटणी नव्यानें झाली, आणि त्याच कोठ्यांवर छायाचित्रें व प्रबंध येऊन पडले. नव्या पट्टीनें दोष निर्माण केला नाहीं. तिनें तो उजेडांत आणला.

याच्या उलट निकाल लागण्याचाही संभव असतो, तो ध्यानांत ठेवावा. दोन्ही पट्ट्या एकेकट्या निर्दोष, पण एकत्र बसवितांच चुका, असें दिसलें तर दोन्ही पट्ट्या प्रामाणिक आहेत, त्यांचें जमत नाहीं एवढेंच. पट्टीवर तिचे वेग व वेळा नोंदविलेली एक लहानशी चिप असते. यंत्र ती वाचून दोघींना झेपेल असा वेग ठरवितें, पण तो हिशेब प्रत्येक वेळीं साधतोच असें नाहीं. अशा वेळीं लॅपटॉपच्या सेटिंगमध्यें वेग कमी करण्याची सोय असल्यास ती वापरावी, यंत्राचें बायॉस अद्ययावत करावें, नाहीं तर एकाच जातीची जोडी घ्यावी. विजेचा दाबही पाहावा: डीडीआर-३ पट्टी १.५ व्होल्टवर, तर तिची 'एल' जात १.३५ व्होल्टवर चालते, आणि कांहीं लॅपटॉपना ही दुसरी जातच लागते. काहीं लॅपटॉपमध्यें एक रॅम मूळ पाटीवरच जोडलेली असते. तेथें नवी पट्टी काढून केवळ मूळ रॅमची चाचणी घ्यावी. दोष तिच्यांतच निघाला, तर तेवढे पत्ते वगळून यंत्र चालवितां येतें, परंतु तो तात्पुरता इलाज होय.

येथें श्रोत्यांच्या मनांत असा प्रश्न येईल कीं, एक बिट उलटल्यानें असें कोणतें आकाश कोसळतें? त्याचें उत्तर बेल्जियममधील एका निवडणुकीनें दिलें आहे. १८ मे २००३ रोजीं ब्रुसेल्समधील स्खारबेक येथें यंत्रावर झालेल्या मतमोजणींत एका उमेदवाराला ४,०९६ मतें अधिक पडलीं. तो आंकडा तेथील नियमांप्रमाणें अशक्य होता म्हणूनच ती चूक लक्षांत आली. ४,०९६ म्हणजे दोनचा बारावा घात. अर्थात् एकच बिट उलटला होता. तपासणींत तीच चूक पुन्हां घडवून आणतां आली नाहीं, आणि बिट आपोआप उलटला असावा असें अनुमान काढण्यांत आलें. आंकडा अशक्य नसून केवळ असंभाव्य असता, तर तो खरा म्हणूनच नोंदला गेला असता.

आपोआप उलटणारे बिट ही शास्त्राला परिचित गोष्ट आहे. १९७८ सालीं इंटेलमधील टिमोथी मे व मरे वुड्स यांनीं दाखविलें कीं, चिपच्या वेष्टणांतील युरेनियम व थोरियम यांच्या सूक्ष्म अंशांतून निघणारे अल्फा कण बिट उलटवूं शकतात. अशी चूक एकदां होते आणि पुन्हां त्या जागीं दिसत नाहीं. म्हणून चाचणींत एकच चूक निघाली कीं 'आकाशांतून कण आला असेल' असें स्वतःचें समाधान करून घेण्याचा मोह होतो. पण २००९ सालीं गूगलच्या असंख्य संगणकांवरून प्रसिद्ध झालेल्या अभ्यासांत असें दिसलें कीं, वर्षाला आठ टक्क्यांहून अधिक पट्ट्यांत चुका होतात, आणि त्यांत अशा क्षणिक चुकांपेक्षां खुद्द पट्टीच्या कायमच्या दोषांचाच भाग मोठा असतो. ज्या पट्टीनें एकदां चूक केली ती पुन्हां करण्याचा संभवही बराच अधिक. तेव्हां एकुलत्या चुकीवर निर्णय देऊं नये हें खरें. पण तिच्यावर पांघरूणही घालूं नये. चाचणी पुन्हां घ्यावी, रात्रभर चालवावी.

मोठ्या संगणकांत चूक ओळखून दुरुस्त करण्याची सोय असते. रिचर्ड हॅमिंग यांनीं १९५० सालीं प्रसिद्ध केलेल्या युक्तीचा तो विस्तार आहे. घरगुती लॅपटॉपमध्यें बहुधा ती सोय नसते. तेथें पहारा ठेवावयाचा तो गृहस्थानेंच. आणि म्हणून तांबडी ओळ दिसतांच पहिलें काम पट्टी बदलणें हें नव्हे; पहिलें काम, त्या यंत्रावर कांहींही लिहिणें थांबविणें हें होय. विशेषतः जुन्या सुरक्षित प्रतीवर नवी प्रत उतरवूं नये; दुबळ्या स्मृतींतून गेलेली प्रत मूळच्या चांगल्या प्रतीचा घात करूं शकते.

शिरस्तेदारांच्या घरीं हें थोडें उशिरां कळलें. जुनी पट्टी काढून टाकली, नवी राहिली, आणि पुढें तिच्या जोडीची दुसरी आणून चारही फेऱ्या निर्दोष झाल्यावरच ती जोडी कामाला लावली. प्रबंधाचीं प्रकरणें मार्गदर्शकांना पाठविलेल्या प्रतींशीं ताडून पाहिलीं. तीं शाबूत होतीं. छायाचित्रेंही मूळ डिस्कवरून पुन्हां उतरलीं, एक सोडून. आजीच्या लग्नांतील तें चित्र मुलीनें त्या दुपारींच मूळ डिस्कवर परत टाकलें होतें, आणि कागदावरची प्रत कसरीनें केव्हांच खाल्ली होती. आतां आजीचा चेहरा दिसतो, मुंडावळ्या दिसतात. खालचा अर्धा भाग जांभळा आहे. वडिलांनीं तें तसेंच जपून ठेवण्यास सांगितलें.

स्मृतीच्या चाचणींत निघालेली चूक म्हणजे निकाल नव्हे, ती फिर्याद आहे. तिला फेटाळून लावणारा फसतो, आणि तपासाशिवाय पहिल्या संशयिताला शिक्षा देणाराही फसतो. पट्ट्या एकेक करून तपासाव्या, खांचा बदलाव्या, ओळी वाचाव्या, आणि तोंवर घरांतील मौल्यवान कागद त्या यंत्राच्या हवालीं करूं नयेत. दोन-तीन रात्रींचें हें काम आहे. ज्या वस्तूची दुसरी प्रत जगांत कोठेंही नाहीं, तिच्यासाठीं दोन-तीन रात्री कांहीं फार नव्हेत.